निळा कागद आणि अठ्ठावीस दिवस: एका गावाने मोठ्या संगीत महोत्सवाच्या परवान्याची तयारी कशी केली

पार्श्वभूमी

हे प्रकरण दक्षिण इंग्लंडमधल्या एका लहान गावाचं आहे. गावाचं, जमीनमालकाचं आणि महोत्सवाचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. ओळख पटेल असे काही तपशीलही बदलले आहेत. मी त्या काळात गावाच्या पॅरिश कौन्सिलवर होते. पॅरिश कौन्सिल म्हणजे ग्रामपंचायतीच्या जवळ जाणारी संस्था, पण तिचे अधिकार फारच थोडे. परवाने देणं तिच्या हातात नसतं. ते काम जिल्हा कौन्सिलचं, आणि आम्ही फार तर तिथे जाऊन म्हणणं मांडू शकतो.

गावाची वस्ती सहाशेच्या आसपास. बाहेर पडायला दोन रस्ते, आणि त्यातला एक इतका अरुंद की समोरून ट्रॅक्टर आला की कुणाला तरी शेताच्या फाटकापर्यंत गाडी मागे घ्यावी लागते. गावाच्या पश्चिमेला टेकडीच्या उतारावर एक मोठी शेतजमीन आहे. ऑगस्टच्या अखेरीस, बँक हॉलिडेच्या शनिवार-रविवारला धरून, तिथे चार दिवसांचा संगीत महोत्सव भरवायचा असं एका आयोजक कंपनीने ठरवलं. तंबू ठोकून राहण्याची सोय, पाच स्टेज, आणि रोज चोवीस हजार नऊशे नव्याण्णव लोकांपर्यंत परवानगीची मागणी.

अशा महोत्सवांबद्दल गावांच्या मनात जी धास्ती असते तिला इथे इतिहास आहे. १९७० साली आइल ऑफ वाइट बेटावर संगीत महोत्सवाला लाखोंची गर्दी लोटली आणि पुढच्याच वर्षी संसदेने त्या बेटापुरता कायदा करून पाच हजारांहून मोठ्या, रात्रभर चालणाऱ्या उघड्यावरच्या मेळाव्यांना खास परवाना सक्तीचा केला. १९८८ मध्ये डॉनिंग्टनच्या रॉक महोत्सवात चेंगराचेंगरीत दोन तरुण दगावले. त्यानंतर कार्यक्रमांच्या सुरक्षिततेची जी मार्गदर्शिका तयार झाली, तिला आज सगळे 'पर्पल गाइड' म्हणतात. आमच्या गावातल्या सत्तरीच्या पुढच्या लोकांना या गोष्टी ऐकीव नाहीत, आठवणीतल्या आहेत. त्यामुळे पहिल्या बैठकीत आवाज चढले तेव्हा मला नवल वाटलं नाही.

कायद्यात काय बसतं

पुढचं सगळं कळायला एवढं लागेल. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००३ चा लायसन्सिंग कायदा नोव्हेंबर २००५ पासून लागू आहे. मद्यविक्री, करमणुकीचे कार्यक्रम आणि रात्री अकरानंतर गरम खाणं विकणं, या सगळ्यांना तो एकच परवाना देतो. चारशे नव्याण्णव लोकांपर्यंतचा छोटा कार्यक्रम तात्पुरत्या सूचनेवर उरकतो. त्याहून मोठ्याला 'प्रिमायसेस लायसन्स', म्हणजे त्या जागेचा परवाना, लागतं. अर्ज आला की जागेवर फिकट निळ्या कागदावर नोटीस लावावी लागते, स्थानिक वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते, आणि अठ्ठावीस दिवस हरकतींसाठी खुले असतात. पूर्वी हरकत फक्त आसपासच्यांना घेता येत असे. २०१२ पासून ती अट गेली, आता कुणीही लिहू शकतं.

हरकत मात्र चारच गोष्टींना धरून असावी लागते: गुन्हे आणि गोंधळ रोखणं, सार्वजनिक सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रव टाळणं, आणि मुलांना इजा होऊ न देणं. घरांच्या किमती उतरतील, गावाची शांत प्रतिमा जाईल, असलं संगीत आम्हाला नको, यातलं काहीही मोजलं जात नाही. आणि या चार गोष्टींना धरून एकही हरकत आली नाही, तर कौन्सिलला परवाना द्यावाच लागतो. ही शेवटची गोष्ट गावातल्या निम्म्याहून जास्त लोकांना ठाऊक नव्हती. कौन्सिलला 'नाही' म्हणायचं असेल तर ती स्वतःहून म्हणेल, असं सगळे धरून चालले होते.

अडचण कशी सुरू झाली

जानेवारीत त्या शेतात सर्व्हेची माणसं दिसली. पबमध्ये कुजबुज सुरू झाली. पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत मी विषय काढला, तेव्हा 'अर्ज येऊ दे, मग बघू' असं ठरलं. मीही मान डोलावली. हा पहिला निर्णय होता आणि तो चुकला, हे आज स्पष्ट दिसतं. आम्ही जे सहा आठवडे घालवले ते आयोजकांशी काहीही ठरायच्या आत बोलण्याचे आठवडे होते. तंबू कुठे, स्टेजची तोंडं कुठे, फाटक कुठल्या रस्त्यावर, हे सगळं त्या सहा आठवड्यांत कागदावर पक्कं होत होतं.

फेब्रुवारीच्या अखेरीस निळा कागद फाटकावर लागला. तो पहिल्यांदा पाहिला तो रोज सकाळी कुत्र्याला फिरवणाऱ्या एका गृहस्थांनी, आणि तोपर्यंत चार दिवस उलटले होते. अर्जात मुख्य स्टेजवर रात्री बारापर्यंत आणि दोन तंबूंमध्ये पहाटे दोनपर्यंत वाद्यवृंद व डीजे, पहाटे दोनपर्यंत मद्य, आणि परवाना 'दर वर्षी, मुदतीशिवाय' मागितला होता. एवढ्या क्षमतेच्या अर्जाला नेहमीच्या फीवर ८,००० पौंड जादा भरावे लागतात. म्हणजे आयोजक चाचपडत नव्हते, पक्का इरादा करून आले होते.

गावात तीन गट पडले. एक गट म्हणे, काही झालं तरी हा परवाना हाणून पाडायचा. दुसरा गट, त्यात पबचालक आणि शेतमालकाकडे काम करणारी दोन कुटुंबं, म्हणे की गावाला वर्षातून एकदा चार पैसे मिळत असतील तर अडवायचं कशाला. तिसरा गट सर्वांत मोठा आणि गप्प होता. त्यांना संगीत नको होतं असं नाही. त्यांना झोप हवी होती आणि रस्ता मोकळा हवा होता.

माझ्या मनात सुरुवातीपासून एकच घर होतं. शेजारच्या आजी, वय ब्याण्णव, अंथरुणाला खिळलेल्या. त्यांच्याकडे दिवसातून चार वेळा केअरर येते: उठवायला, जेवण द्यायला, औषध द्यायला, झोपवायला. ती बाई शेजारच्या शहरातून त्याच अरुंद रस्त्याने येते. पंचवीस हजार लोक त्या रस्त्याने येऊ लागले तर आजींचं दुपारचं औषध किती वाजता मिळेल, हा प्रश्न मला डेसिबलपेक्षा मोठा वाटत होता.

कोणते पर्याय समोर होते

पहिला पर्याय सरसकट विरोधाचा. गावभर सह्या गोळा करून एकच निवेदन द्यायचं: हा परवाना देऊ नका. दोनशेच्या वर सह्या झाल्याही. पण जिल्हा कौन्सिलच्या परवाना अधिकाऱ्यांना फोन केला तेव्हा त्यांनी शांतपणे समजावलं की सह्यांच्या निवेदनापेक्षा आपल्या घराचा, आपल्या खिडकीचा, आपल्या रस्त्याचा तपशील देणारं एकेक पत्र, हरकती आल्यावर सुनावणी घेऊन निर्णय देणाऱ्या कौन्सिलरांच्या समितीला जास्त उपयोगी पडतं. कौन्सिल कुणाची बाजू घेत नाही, पण प्रक्रिया कशी चालते हे विचारलं तर सांगते, आणि आम्ही ते लवकर विचारायला हवं होतं.

दुसरा पर्याय अटींचा. परवाना मिळणार असं गृहीत धरायचं आणि त्याला जास्तीत जास्त घट्ट, मोजता येतील अशा अटी लावून घ्यायच्या.

तिसरा, आयोजकांशी थेट बसून बोलायचं. पहिल्या गटाला हा शरणागतीसारखा वाटत होता. पण कायदा वाचताना माझ्या लक्षात आलं की समितीच्या हातात असलेल्या आणि नसलेल्या गोष्टी वेगळ्या आहेत. समिती वेळ कमी करू शकते, आवाजाला मर्यादा घालू शकते, सुरक्षेच्या अटी लावू शकते. पण परवाना एकाच वर्षापुरता असावा असं अर्जदाराने स्वतः मागितल्याशिवाय तो सहसा मुदतीत बांधता येत नाही. आमच्यातल्या एका शेतकऱ्याची मागणी होती की ग्लास्टनबरीच्या प्रसिद्ध संगीत महोत्सवासारखं काही वर्षांनी एक वर्ष जमीन पडीत ठेवावी. तिथे २००६, २०१२ आणि २०१८ साली महोत्सव झालाच नाही, तो जिथे भरतो त्या वर्दी फार्मच्या गवताला विसावा मिळाला. मागणी रास्त होती, पण गवताचा विसावा हरकतीच्या त्या चार गोष्टींपैकी कशातच बसत नाही. अशा गोष्टी समितीसमोर मागून मिळत नाहीत. त्या अर्जदाराने आपणहून अर्जात घातल्या तरच मिळतात, आणि तो त्या घालतो फक्त सुनावणीच्या आधी, कारण तेव्हा त्याला आमच्या हरकती कमी झालेल्या हव्या असतात.

म्हणून आम्ही दुसरा आणि तिसरा पर्याय एकत्र धरला. प्रत्येकाने आपली हरकत नोंदवायची, आणि ती मागे न घेता बोलायला बसायचं. हा निर्णय बैठकीत सहज झाला नाही. मत अकरा विरुद्ध नऊ असं पडलं, आणि विरोधातल्या दोघांनी माझ्याशी पुढे काही महिने बोलणं सोडलं.

आवाजाचा हिशेब

इथे थोडं थांबते, कारण सगळ्या प्रकरणात आमच्या हाती लागलेला सर्वांत मोठा मुद्दा हा होता.

उघड्यावरच्या संगीताचा आवाज मोजण्यासाठी इंग्लंडमध्ये १९९५ ची एक मार्गदर्शक संहिता वापरतात. तिच्यानुसार, वर्षातून एक ते तीन दिवस कार्यक्रम असेल तर ग्रामीण जागी जवळच्या घराबाहेर पंधरा मिनिटांची सरासरी ६५ डेसिबल-ए पर्यंत असावी. रात्री अकरानंतर, खिडकी नेहमीसारखी उघडी ठेवली तरी घरात संगीत ऐकू येता कामा नये. आयोजकांच्या ध्वनी सल्लागाराने हीच ६५ ची मर्यादा सुचवली होती आणि पर्यावरण आरोग्य अधिकाऱ्यांनाही ती मान्य होती.

पण महोत्सव गुरुवार ते रविवार, चार दिवसांचा होता. संहितेच्या तक्त्यात चार ते बारा दिवसांसाठी वेगळी ओळ आहे. तिथे स्थिर आकडा नाही, तिथे लिहिलंय: नेहमीच्या पार्श्वध्वनीपेक्षा (कार्यक्रम नसताना असतो त्या आवाजापेक्षा) १५ डेसिबलपर्यंत जास्त. आमच्यासारख्या गावात संध्याकाळचा पार्श्वध्वनी ३५ धरला, तर मर्यादा ५० येते. ६५ आणि ५० मधला फरक कागदावर पंधराचा दिसतो, कानाला तो जवळजवळ तिप्पट वाटतो. संहिता कायदा नाही, अधिकारी ती आपापल्या विवेकाने वापरतात. तरीही हा मुद्दा पत्रात नेमका मांडल्यावर आयोजकांची भाषा बदलली. गुरुवारी मुख्य स्टेज बंद ठेवून फक्त बंद तंबूत, कमी आवाजात कार्यक्रम करू, असं त्यांनी आठवड्याभरात कळवलं.

दुसरा मुद्दा बेसचा, म्हणजे संगीतातल्या खालच्या स्वरांचा. डेसिबल-ए मोजताना मीटर माणसाच्या कानाच्या संवेदनेनुसार खालच्या स्वरांचं वजन कमी धरतो. ६३ हर्ट्झला तर सुमारे २६ डेसिबल वजा होतात. पण रात्री बिछान्यात पडल्यावर जे छातीत धडधडतं ते नेमकं हेच असतं. या स्वराची लहर साधारण साडेपाच मीटर लांब असते. भिंत तिला फारसं अडवत नाही, आणि लांबवर जाताना वरचे स्वर हवेत विरून गेले तरी ती टिकते. म्हणून आम्ही ६३ आणि १२५ हर्ट्झसाठी वेगळी मर्यादा मागितली. सल्लागाराने सुरुवातीला ती गरजेची नसल्याचं सांगितलं. आमच्यातल्या एका निवृत्त ध्वनितंत्रज्ञाने त्यांच्याशी अर्धा तास फोनवर, अत्यंत सौजन्याने, आकड्यांत बोलणं केलं. अट आली.

आम्ही एक गोष्ट केली नाही. अर्ज येण्याआधी गावातला पार्श्वध्वनी स्वतंत्रपणे मोजून ठेवला नाही. ३५ हा आकडा आमचा अंदाज होता, आणि सुनावणीत आयोजकांच्या वकिलांनी तो अंदाजच असल्याचं बरोबर दाखवून दिलं.

सुनावणी आणि एक पत्र

सुनावणीच्या आधीच्या आठवड्यात आयोजकांनी आणखी काही गोष्टी अर्जात घातल्या: सुरुवातीला क्षमता १४,९९९, मुख्य स्टेज अकराला बंद, तंबूंमधलं संगीत एकपर्यंत. त्याच वेळी त्यांनी अरुंद रस्त्यावरच्या कुटुंबांना एक पत्र पाठवलं. त्यात लिहिलं होतं की प्रेक्षकांच्या गाड्या त्या रस्त्यावरून येऊ देणार नाही, फक्त रहिवासी आणि केअरर यांनाच सोडू, रेल्वे स्टेशनपासून बस चालवू. पत्र वाचून तीन कुटुंबांनी हरकती मागे घेतल्या. त्यांत आजींच्या मुलाचंही कुटुंब होतं.

मला त्या संध्याकाळी थांबवता आलं असतं. पत्रातलं काहीही परवान्याची अट नव्हतं. अट असेल तर ती मोडणं हा गुन्हा ठरतो, अमर्याद दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पत्र मोडलं तर फक्त मन मोडतं. पण लोक थकले होते, आयोजकांची माणसं खरोखर सभ्य होती, आणि आपण उगाच संशय घेतोय असं मलाही वाटलं. मी गप्प राहिले.

एप्रिलमध्ये सुनावणी झाली. तीन कौन्सिलरांची समिती, दोन्ही बाजूंना सारखा वेळ. आमच्याकडून चौघे बोलले आणि प्रत्येकाने एकच मुद्दा घेतला, हे चांगलं जमलं. निर्णय परवाना देण्याचा झाला. आवाजाच्या मर्यादा, बेसची वेगळी मर्यादा, अकराची वेळ, रहिवाशांसाठी फोनलाइन, स्वतंत्र ध्वनिमापन, हे सगळं अटींत आलं. वाहतुकीबद्दल मात्र अट अशी होती: 'वाहतूक आराखडा कार्यक्रमाच्या अठ्ठावीस दिवस आधी सुरक्षा सल्लागार गटाला सादर करावा.' आराखड्यात काय असावं याबद्दल एक ओळही नाही. पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका, रस्ते विभाग असे सगळे त्या गटात असतात. त्याला सल्ला देण्याचा अधिकार आहे, हुकूम देण्याचा नाही, आणि त्याच्या बैठकांना रहिवासी नसतात.

मॅजिस्ट्रेट कोर्टात अपील करायला एकवीस दिवस होते. पहिल्या गटाला अपील हवं होतं. खर्च पाहता आणि मिळालेल्या अटी पाहता आम्ही ते केलं नाही. हा निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

ऑगस्टमध्ये काय घडलं

शुक्रवार आणि रविवार अपेक्षेपेक्षा खूपच चांगले गेले. शुक्रवारी रात्री मी बागेत उभी राहून ऐकलं. टेकडीपलीकडे गाणं चालू असल्याचं कळत होतं, शब्द कळत नव्हते, आणि अकराला ते खरंच थांबलं. चारही दिवसांत भांडणतंटा किंवा मोठी चोरी झाली नाही. पाहुणी मंडळी पबमध्ये आली ती सौजन्याने वागली.

गुरुवारी दुपारी रस्ता कोलमडला. मुख्य फाटकाशी तिकिटं तपासायला वेळ लागू लागला, रांग महामार्गापर्यंत गेली, आणि मार्शलांनी ती कमी करायला गाड्या अरुंद रस्त्याने वळवल्या. त्यांच्या हातातल्या आराखड्यात हा रस्ता 'गरजेच्या वेळी पर्यायी मार्ग' म्हणून होता. पत्राबद्दल त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आजींची केअरर दोन तास उशिरा पोचली. शेवटची अर्धी वाट ती पायी आली. आजींना काही झालं नाही, पण दोन तास त्या एकट्या, तहानलेल्या, दाराकडे डोळे लावून पडल्या होत्या. ऑगस्ट म्हणजे गव्हाच्या कापणीचे दिवस. त्याच रस्त्यावर एका शेतकऱ्याचा हार्वेस्टर अडकला आणि कोरड्या हवेची एक अख्खी संध्याकाळ त्याच्या हातून गेली.

शनिवारी वारा फिरला. इथला नेहमीचा वारा नैऋत्येचा, म्हणून ध्वनिमापनाची तिन्ही ठिकाणं गावाच्या बाजूला होती. त्या रात्री वारा ईशान्येकडून आला, आभाळ निरभ्र होतं, जमीन लवकर थंड झाली. अशा रात्री वरची उबदार हवा आवाजाला पुन्हा खाली वळवते. चार किलोमीटरवरच्या एका वाडीत, जिथल्या कुणालाच आम्ही कधी बैठकीला बोलावलं नव्हतं, खिडक्यांच्या काचा बेसने थरथरत होत्या. तिथून फोनलाइनवर अनेक फोन गेले. फोन उचलणारी मुलगी प्रत्येक तक्रार व्यवस्थित लिहून घेत होती. पण ती कुणाला, किती मिनिटांत कळवायची, हे अटीत नव्हतं. आवाज खाली यायला पाऊण तास लागला.

नंतरचा निर्णय

सप्टेंबरमध्ये प्रश्न होता: परवान्याच्या फेरविचाराची मागणी करायची का? कायद्याने ती कुणीही, केव्हाही करू शकतो, आणि समिती परवाना रद्दसुद्धा करू शकते. राग ताजा होता. वाडीतले लोक तर थेट त्याच तयारीत होते.

आम्ही आधी नोंदी एकत्र केल्या. वेळ, ठिकाण, काय झालं, कुणाला फोन केला, काय उत्तर आलं. विशेषणं गाळून. त्या नोंदी घेऊन आयोजक, परवाना अधिकारी आणि वाडीतल्या दोघांसह बसलो. फेरविचाराचा अर्ज लिहून तयार होता आणि तो टेबलावर ठेवला होता. आम्ही त्याची धमकी दिली नाही, तो लपवलाही नाही.

आयोजकांच्या प्रमुख बाईंनी पत्राची जबाबदारी स्वतःवर घेतली. मागण्या त्यांनी 'किरकोळ बदल' म्हणून परवान्यातच घालायचं मान्य केलं. या बदलाची नोटीस पांढऱ्या कागदावर असते, हरकतींना दहा कामकाजाचे दिवस मिळतात, आणि फी ८९ पौंड. एवढ्या छोट्या अर्जातून जे आलं ते असं: अरुंद रस्ता कोणत्याही परिस्थितीत प्रेक्षकांच्या गाड्यांना बंद आणि तो बंद ठेवण्यासाठी रीतसर तात्पुरता वाहतूक आदेश, केअरर आणि रहिवाशांना पास, मापनाचं चौथं ठिकाण वाडीत, आणि तक्रार आल्यापासून दहा मिनिटांत ध्वनी नियंत्रकापर्यंत पोचवण्याची, तिथे नोंद ठेवण्याची अट. फेरविचाराचा अर्ज आम्ही दाखल केला नाही.

दुसऱ्या वर्षी गुरुवारी दुपारी मी आजींच्या घरीच बसून होते. केअरर ठरल्या वेळेच्या तीन मिनिटं आधी आली. शनिवारी वाडीतून एक फोन गेला, आणि नोंदवहीत लिहिलंय, आठव्या मिनिटाला बेस खाली आणला.

वेगळं काय करता आलं असतं

जानेवारीत कुजबुज ऐकली त्याच आठवड्यात आयोजकांना पत्र लिहायला हवं होतं. अर्जाआधी अर्जदार मोकळा असतो. नंतर प्रत्येक बदल त्याला हरल्यासारखा वाटतो.

'कोणावर परिणाम होईल' हे आम्ही गावाच्या हद्दीने ठरवलं. आवाजाला हद्द नसते. वाऱ्याच्या चारही दिशांना पाच किलोमीटरचं वर्तुळ काढून पहिल्या बैठकीची निमंत्रणं पाठवायला हवी होती.

वाहतूक आराखड्याची अट 'सादर करावा' एवढ्यावर सोडणं ही माझ्या मते सगळ्यांत महागात पडलेली चूक. अशी अट वाचताना आता मी तीन प्रश्न विचारते: यात काय असलंच पाहिजे, ते कोण मान्य करणार, आणि नाही झालं तर मला कसं कळणार. तिन्हींची उत्तरं ओळीत नसतील तर ती ओळ पुन्हा लिहायची.

आणि पत्रावर विसंबून हरकत मागे घेणं. ज्यांनी ती घेतली त्यांचा यात दोष नाही. ते वचन अर्जात लिहून येईपर्यंत थांबा, एवढं सांगणारं माणूस त्यांच्याजवळ असायला हवं होतं, आणि ते मी होते.

सरसकट विरोध करणाऱ्या नऊ जणांबद्दलही लिहायला हवं. त्यांची कडवी पत्रं नसती तर आयोजक बोलायला एवढ्या लवकर आले असते असं मला वाटत नाही. टेबलाशी बसलेल्यांच्या मागे ते उभे होते, हे मी तेव्हा त्यांना सांगायला हवं होतं. मागच्या हिवाळ्यात सांगितलं.

आजची स्थिती

या फेब्रुवारीत फाटकावर पुन्हा निळा कागद लागला आहे. क्षमता २४,९९९ पर्यंत वाढवायची मागणी. अठ्ठावीस दिवसांपैकी आज दुसरा दिवस. वाडीतून आणि गावातून मिळून पंधराजण काल संध्याकाळी जमलो होतो, त्यात त्या नऊमधले सात. नोव्हेंबरपासून निवृत्त तंत्रज्ञांनी चार ठिकाणी संध्याकाळचा पार्श्वध्वनी मोजून ठेवला आहे. गावातला आकडा ३५ नव्हे, ३३ आला. आजींच्या मुलाने पहिलं पत्र लिहून झाल्याचं सांगितलं. त्यात फक्त रस्त्याबद्दल आहे, केअररच्या चार वेळा आहेत, आणि हे सगळं परवान्यात अट म्हणून यावं एवढी एकच मागणी आहे.